घरच्यांना घेऊन तिसऱ्या काढायला जाताय? आधी पाणी बघा

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे गोव्यात उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणते, "चला, तिसऱ्या (वाळूत राहणाऱ्या खायच्या शिंपल्या) काढायला जाऊ." मग सगळे नाश्ता करून, आंघोळी आटोपून अकरा वाजता बादल्या घेऊन किनाऱ्यावर हजर. समोर भरलेले पाणी. तास-दोन तास मुले ओल्या वाळूत खड्डे खणतात, हाती चार मेलेल्या शिंपल्या लागतात, आणि येताना बाजारातून तिसऱ्यांचा वाटा विकत घेऊन सगळे घरी परततात. क्वचित कोणाला बादलीभर मिळाल्याच, तर रात्री ताटात प्रत्येक घासाला वाळू करकरते.

खणण्यात चुकणारे फार थोडे. खरी चूक होते घरातून निघायची वेळ ठरवताना, आणि दुसरी बादली घरी आल्यावर. म्हणून खाली खणण्यावर थोडे आणि बाकीच्यावर जास्त लिहिले आहे. क्रम मोडू नका. यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर सुधारता येत नाहीत.

१. दिवस आणि वेळ ठरवा (सुट्टी बघून नव्हे)

दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि दर दिवशी वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण प्रत्येक ओहोटी सारखी नसते हे विसरले जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल, म्हणजे जी वाळू एरवी पाण्याखाली असते ती उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी ना धड चढते ना धड उतरते. तिसऱ्यांच्या जागा उघड्या पडायला उधाणाची ओहोटी लागते.

जुन्या लोकांचा हिशेब अजून उपयोगी पडतो. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की नऊच्या सुमारास ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. आता अष्टमी बघा: सहाला भरती, बाराला ओहोटी. दुपारी बाराची ओहोटी पाहुण्यांना फार सोयीची वाटते, आणि तिथेच घात होतो, कारण त्या दिवशी भांग असतो. बारा वाजता पाणी असते तिथून जेमतेम मागे सरते.

पौर्णिमेला ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास येते. लहान मुले असतील तर अंधारात जाऊ नका. माझी पसंती द्वितीया ते चतुर्थीला. उधाणाचा जोर एक-दोन दिवस मागेच रेंगाळतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान मिळते. ऊन कोवळे असते आणि पोरे जागी झालेली असतात.

हिशेब झाला की तक्त्याशी ताडून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, त्यात गोव्याचे मुरगाव बंदर आहे. फोनवरच्या ॲपमध्येही चालेल, पण बंदराचे नाव मुरगावच आहे ना ते बघा. ॲप कधी कधी गुपचूप मुंबई धरून बसते, आणि मुंबईच्या वेळा वेगळ्या, पाण्याची उंचीही कितीतरी जास्त. मुरगावची वेळ ही नदीच्या तोंडाची असते. खाडीत आत गेलात की ओहोटी थोडी उशिरा लागते.

वेळेच्या शेजारी मीटरमध्ये एक आकडा असतो, तोही वाचा. ०.५ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जा. ०.८ च्या वर असेल तर बेत पुढे ढकला. दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक जास्त खोल असते, ती कोणती हे याच आकड्यावरून कळते.

तपासा: तिथी, ओहोटीची वेळ, मीटरचा आकडा, बंदराचे नाव. चारही कागदावर लिहून फ्रिजवर लावा. निघताना "किती वाजता होती रे?" असे विचारायची पाळी यायला नको.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, हा विषयच काढू नका. समुद्र खवळलेला असतो, नद्या गढूळ असतात आणि डोंगरावरचे सगळे पाणी खाडीत उतरत असते. ऑक्टोबरात जोरदार सर आली तरी पुढचे तीन-चार दिवस थांबा. गटारातली घाण धुऊन पाण्यात येते आणि तिसऱ्या तेच पाणी गाळून जगतात.

२. जागा निवडा

लाटा फुटणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर खाण्याजोग्या तिसऱ्या शोधत बसू नका. तिथे लाटेबरोबर वर येऊन झटकन वाळूत शिरणाऱ्या इवल्या शिंपल्या दिसतात. मुलांनी पाहाव्यात, जाऊ द्याव्यात. तिसऱ्या राहतात नदीच्या मुखाजवळच्या शांत, वाळूमिश्रित चिखलात. जुवारीच्या खाडीत शिरदोन, चिखली, सांकवाळ या बाजूला, उत्तरेला शापोरा नदीच्या तोंडाशी, दक्षिणेत तळपणच्या बाजूला असा भाग आढळतो. खुबे मात्र गोडसर पाण्याचे, काळ्या शिंपीचे. ते नदीत आणखी आत, चिखलात मिळतात. नवख्याने आणि लेकुरवाळ्याने खुब्यांच्या मागे लागू नये, त्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

जागा नक्की करायची ती आदल्या दिवशी, स्वतः जाऊन. पाहायचे ते इतकेच: जवळ नाल्याचे तोंड नको, हॉटेलांचे सांडपाणी सुटते अशी जागा नको, होड्यांचे तेल तरंगते ती जेटी नको. पाण्याला वास असेल तर परत फिरा. शहराच्या अंगाला असलेल्या नदीच्या पट्ट्यात तिसऱ्या भरपूर दिसल्या तरी मी काढत नाही.

आणि तिथे बायका तिसऱ्या काढत असतील तर सरळ जाऊन विचारा. त्यांचे पोट त्यावर चालते. "बाय, आम्ही घरापुरत्या काढल्या तर चालेल का, कुठल्या बाजूला बसू?" एवढे विचारले की त्या जागा दाखवतात, कुठे चिखल खोल आहे तेही सांगतात. न विचारता त्यांच्या जागेत पाच जणांनी दाताळे घेऊन घुसणे हे वाईट दिसते आणि वाईटच असते.

सावधान: समुद्राचे पाणी लालसर, तपकिरी किंवा चमत्कारिक हिरवे दिसत असेल, रात्री लाटा चमकत असतील, किंवा किनाऱ्यावर मेलेले मासे पडले असतील तर त्या आठवड्यात तिसऱ्या खायच्या नाहीत, विकतच्याही नाहीत. काही सूक्ष्म शेवाळांचे विष शिंपल्यांत साठते आणि ते कितीही उकळले तरी जात नाही. १९८३ साली मंगळूरजवळ अशाच शिंपल्या खाऊन एक मुलगा दगावला होता. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटे मुंग्या आल्यासारखी झाली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालायला येतात. वरच्या कोरड्या वाळूत मुलांना खणू देऊ नका. तिथे तिसरी सापडण्याचा प्रश्नच नाही, कासवाचे घरटे मात्र फुटू शकते.

३. सामान आणि कामाची वाटणी

सामान फार लागत नाही:

- लहान हाताचे दाताळे किंवा बोथट खुरपे. फावडे नको, त्याने निम्म्या शिंपल्या फुटतात.
- कांदे येतात तसली जाळीची पिशवी. पाण्यातल्या पाण्यात हलवली की चिखल निघून जातो.
- बांबूची रोवळी किंवा भोकांची प्लॅस्टिकची टोपली. झाकणाची बादली नको.
- पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकणासकट. याचे काम पुढे येईल आणि ९० टक्के लोक नेमका हाच विसरतात.
- प्रत्येकाला जुने कॅनव्हासचे बूट किंवा पट्ट्याची सँडल. साधी चप्पल चिखल ओढून घेतो. खडकाला चिकटलेल्या कालवांची धार ब्लेडसारखी असते.
- टोपी, प्यायचे पाणी, थर्मासमध्ये कडकडीत पाणी, पट्टी, जंतुनाशक.

आता माणसे. एक मोठे माणूस काहीही न खणता फक्त पाणी आणि घड्याळ बघेल. हे काम आजोबांना दिले तर उत्तम, कारण त्यांचे कोणी टाळत नाही. दर दोन मुलांमागे एक मोठे. खणणाऱ्याने मुलांवर लक्ष ठेवायचे ठरवू नका. एकदा बोटाला तिसरी लागली की माणूस आजूबाजूचे विसरतो.

मधुमेह असलेल्यांनी, पायावर जखम असलेल्यांनी या पाण्यात उतरू नये. खाडीच्या पाण्यातून जखम भयंकर चिघळते. त्यांना घड्याळाचे काम द्या.

४. उतरण्याआधी पाच मिनिटे

ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोचा. ओहोटी आठला असेल तर साडेसहाला. आठ वाजता पोचणारे लोक भरतीबरोबरच वाळूवर चालत जातात.

उभे राहा आणि बघा. तुम्ही जिथे जाणार ती वाळू आणि किनारा यांच्या मध्ये खोलगट पाट आहे का? गोव्याच्या नदीमुखांना असे पाट हमखास असतात. भरतीचे पाणी समोरून यायच्या आधी याच पाटातून मागून शिरते.

आम्ही एकदा यातच अडकलो. दहा-बारा माणसे, समोर पाणी अजून लांब, हाताला तिसऱ्या लागत होत्या, कोणाला घाई नव्हती. मागच्या बाजूने एका बाईने हाका मारल्या, "उदक चडटा, वयर यात!" (पाणी चढतंय, वर या!) वळून पाहिले तर येताना घोट्याएवढा असलेला पाट मांडीपर्यंत भरला होता आणि ओढ लागत होती. मुलांना खांद्यावर घेऊन आलो. दोन बादल्या तिथेच राहिल्या. तेव्हापासून आम्ही पाटाच्या काठाला काठी रोवतो आणि ओल्या रेघेवर खूण करतो. खूण बुडली की सगळे मागे.

तपासा: काठी रोवली का, परतीची वाट कोणती, घड्याळवाले माणूस कोण. जीवरक्षक असतील तर त्यांना विचारा; लाल बावटा असेल तर उतरायचे नाही.

५. शोधा आणि काढा

उथळ पाण्यातून चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत पुढे न्या. वाळूत पाकट, म्हणजे आपले वागळे, लपून बसते. पाय घासत गेलात तर ते सरकून निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर जखम थर्मासमधल्या पाण्याने शेका: सोसेल इतक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास पाय बुडवून ठेवायचा, मग दवाखाना. पाण्याची उष्णता आधी मोठ्याने हात घालून बघावी, लहान मूल कळवळून "सोसतंय" म्हणेल आणि भाजेल.

पाणी ओसरलेल्या ओल्या वाळूवर बारीक जोडभोके शोधा. टाचेने शेजारी दाब द्या. आतून पाण्याची पिचकारी उडाली की खाली तिसरी आहे. मुलांना हे काम द्या, यात ती तासभर रमतात. फार खोल जायची गरज नाही. चार बोटे, फार तर वीतभर. दाताळे उभे न मारता तिरके धरून आपल्याकडे ओढा. बायका तर पायाच्या बोटांनीच चाचपतात आणि आपण दाताळ्याने काढतो त्याच्या दुप्पट काढतात. हे तुम्हाला पहिल्या दिवशी जमणार नाही.

दोन बोटे शेजारी धरा. त्या रुंदीपेक्षा लहान असेल ती तिथेच परत ठेवा, फेकू नका. खणलेला खड्डा लगेच बुजवा, नाहीतर उघड्यावर पडलेली पिल्ले उन्हाने आणि पक्ष्यांनी संपतात.

पातळ, चपटी, गोल, काचेसारखी अर्धपारदर्शक शिंपी मिळाली तर ती मेंधी. जुन्या घरांच्या खिडक्यांना असते तीच. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती संरक्षित आहे. जुवारीच्या चिखली भागात ती सापडते. फोटोसाठीसुद्धा उपटू नका.

किती काढायच्या? एक किलो तिसऱ्या साफ केल्या तर आतले मांस जेमतेम मूठभर निघते. सहा माणसांच्या जेवणाला दोन-अडीच किलो पुरतात. त्याहून जास्त काढलेल्या पुढच्या दिवशी फुकट जातात, मी हे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी बघतो.

६. वेळेवर मागे फिरा

घरच्यांबरोबर असताना ओहोटीची वेळ झाली की निघायचे. "अजून दहा मिनिटे" नाही. पहिल्या तासात पाणी फारसे चढत नाही, एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढेच, म्हणून माणसे बिनधास्त राहतात. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी चढते. पण सपाट वाळूवर उंची वीतभर वाढली तरी पाणी आडवे कितीतरी पुढे येते, त्यामुळे पहिल्या तासालाही हलके समजू नका. कोणी अडकलेच तर ११२.

निघण्याआधी शेवटचे काम: पाच लिटरचा कॅन तिथल्याच पाण्याने भरा. काठाचे गढूळ पाणी नको, दोन पावले आत जाऊन स्वच्छ भरा. याच पाण्यात तिसऱ्या आज दुपारी वाळू सोडणार आहेत.

७. गाडीतून घरी

तिसऱ्या पाण्यात बुडवून नेऊ नका. बादलीत पाणी भरून झाकण लावले की तासाभरात त्या गुदमरतात, आणि डिकीत ऊन लागले तर संपलेच. ओल्या गोणपाटात किंवा ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, रोवळीत, सावलीत, वारा लागेल अशा न्या. वाटेत जेवायला थांबणार असाल तर आधी घरी टाकून मग थांबा.

८. वाळू सोडवा

इथे दहातले आठ चुकतात. घरी आल्या आल्या नळाखाली धरतात आणि मग नळाच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. गोडे पाणी लागले की तिसरी घट्ट मिटते. मिटलेली शिंपी वाळू सोडत नाही, आणि रात्रभरात मरते.

१. वरचा चिखल खाऱ्या पाण्यानेच भरभर खळबळून काढा.
२. पसरट परातीत भोकांची टोपली उपडी ठेवून तिच्यावर तिसऱ्या एका थरात मांडा. तळाला टेकलेल्या तिसऱ्या सोडलेली वाळू परत आत ओढतात.
३. कॅनमधले पाणी थोडे निवळू द्या, गाळ तळाला ठेवून वरचे ओता. तिसऱ्या जेमतेम बुडतील इतकेच.
४. पाणी आणायला विसरलात तर लिटरला ३० ग्रॅम खडेमीठ, म्हणजे पोह्याचे दोन चमचे सपाट भरून. आगराचे साधे मीठ घ्या. नळाचे पाणी असेल तर आधी काही तास उघडे ठेवा.
५. वरून कापड टाकून काळोख करा, फ्रिजमध्ये नको. तीन-चार तास. मध्ये एकदा पाणी बदला.

तासाभराने कापड उचलून बघा. शिंपल्या किंचित उघडून नळ्या बाहेर काढलेल्या आणि ओट्यावर पिचकाऱ्या उडालेल्या दिसल्या तर काम बरोबर चालले आहे. सगळ्या मिटलेल्याच असतील तर मीठ चुकले.

त्याच दिवशी करायच्या नसतील तर हे झाल्यावर पाण्यातून काढून ओल्या कापडात फ्रिजमध्ये ठेवा. फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत.

९. निवडा, मग फोडा किंवा उकडा

एकेक हातात घ्या. उघडी असेल तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाका. फुटलेली टाका. मग मिटलेल्या प्रत्येक शिंपीची दोन्ही झाकणे अंगठ्याने आडवी सरकवून बघा. जिवंत तिसरी हलत नाही. सरकली तर आत मांस नाही, चिखल भरलेला आहे. हा शेवटचा तपास कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच टाळला जातो. आमच्या घरी एका सणाला अशी एकच चिखलाची शिंपी पातेल्यात फुटली आणि वीस माणसांचे कालवण परसात ओतावे लागले. आई अजून ती आठवण काढते, आणि निवडायला कोण बसले होते तेही.

एकशिपी करायची असेल, म्हणजे एका शिंपीत मांस ठेवून, तर तिसऱ्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. त्या थोड्या फाकतात आणि आदोळीवर, म्हणजे विळीवर, सहज उघडतात. उघडताना खाली वाटी धरा, आतले पाणी वाया घालवू नका. हे नवख्याने मुलांना मांडीवर घेऊन करू नये, विळीचे पाते तिसरीवरून घसरते.

सुके करायचे असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात फक्त अर्धी वाटी पाणी, वर झाकण, मोठी आच. शिंपल्या उघडल्या की गॅस बंद करायची सवय मोडा. उघडल्यावर आणखी पाच मिनिटे उकळू द्या. पोटाचे विकार आणि कावीळ पसरवणारे जंतू अर्धवट शिजलेल्या शिंपल्यांतून येतात. शेवटपर्यंत न उघडलेली टाका, चाकूने उचकटू नका. एकशिपीलाही वाटण घातल्यावर तशीच खळखळून उकळी द्या. मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर आधी एक-दोनच द्या आणि अंगावर गांधी उठतात का ते बघा.

पातेल्यात उरलेले पांढुरके पाणी म्हणजे सगळी चव. ते मलमलच्या कापडातून गाळा आणि तळचा चमचाभर तसाच सोडून द्या, उरलीसुरली वाळू तिथेच असते. हे पाणी खारट असते. त्यामुळे खोबरे, हळद, मिरची, सोलां (आमसुले) सगळे घालून झाले तरी मीठ घालू नका. एक उकळी येऊ द्या, चाखा, मग ठरवा.